मास्तरांनी दिलेली ओळख

एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. होता बँकेचा एक छापील फॉर्म आणि त्यावरची एक वळणदार सही. पण त्या चार दिवसांत मी जेवढा गोंधळलो, तेवढा उभ्या नोकरीत कधी गोंधळलो नसेन.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिक शहरात एका ठाण्याला फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात दिंडोरीकडची एक बाई प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून आत आली. द्राक्षं भरायचे पुठ्ठ्याचे खोके बनवायचा तिचा धंदा. पत्र्याची शेड आणि हाताखाली सहा-सात बायका.

"साहेब, माझा चेक वटला, पण माझ्या खात्यात नाय. माझं धंद्याचं खातंच नाय अजून!"

मी म्हटलं, "बाई, आधी बसा. पाणी प्या. पहिल्यापासून सांगा."

द्राक्षाच्या व्यापाऱ्याने तिला हंगामाचा चेक दिला होता, तोही धंद्याच्या नावाने. तिच्या स्वतःच्या बचत खात्यात तो भरता येईना. मग सुरू झाले सल्ले. दीर म्हणाला, बचत खातंच बरं, चेक बदलून आण. व्यापाऱ्याचा कारकून म्हणाला, करंट खातं काढा. शेजारीण म्हणाली, पतपेढीत टाक. बाई एसटीने शहरात आली, तर एका बँकेत खात्यात कायम मोठी रक्कम ठेवायला सांगितली आणि दुसरीत ओळख मागितली. तेव्हाचा रिवाजच तसा होता. नवं खातं उघडायचं, तर त्याच शाखेतल्या जुन्या खातेदाराने "मी यांना ओळखतो" अशी फॉर्मवर सही द्यायची. आता दिंडोरीच्या बाईला शहरात कोण ओळखणार?

"लय डोकं फिरलं, साहेब. मग बँकेतलाच एक माणूस म्हणाला, ताई, मी करतो सगळं. चेक, धंद्याचा परवाना, समदं त्याच्याकडं दिलं."

माणूस गायब. आणि व्यापारी सांगत होता, चेक कधीच वटला.

तक्रार नोंदवून आम्ही तिला घेऊन, जिथे ओळख मागितली होती, त्या बँकेत गेलो. मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तिच्यासमोर उभं केलं. मॅनेजर चांगलाच तडकला. बाई प्रत्येकाकडे निरखून पाही आणि मान हलवी. मी चिडून विचारलं, "अहो, मग बँकेतला माणूस म्हणजे कोण?" ती रडवेली होऊन म्हणाली, "बँकेतलाच होता की!"

चेक तिसऱ्याच बँकेत वटला होता. तिथे तिच्या धंद्याच्याच नावाचं करंट खातं होतं, पण मालक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. पत्ता खोटा, परवाना बनावट. फोटोची सक्ती त्या शाखेत तेव्हा नव्हती. सगळ्या फॉर्मवर खरी एकच गोष्ट होती, ओळख देणाऱ्याची सही. ती होती एका निवृत्त मुख्याध्यापकांची.

त्याच संध्याकाळी तिथला शिपाई मागच्या दाराने ठाण्यात आला. "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पण मास्तर आल्या-गेल्याला सही देतात. पाया पडलं की झालं काम." वरिष्ठांनी ते ऐकलं आणि मला सांगितलं, म्हातारा सामील आहे, दोन दिवसांत अटक दाखवा.

मास्तर आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यांच्या पत्नी डबा आणि गोळ्यांची पुडी घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या.

मी फॉर्मवरच्या खातेदाराच्या नावावर बोट ठेवलं. "या इसमाला ओळखता?"

"ओळखतो. माझा विद्यार्थी."

"कुठला राहणारा?"

"चांदवडचा. वडिलांचं किराणा दुकान. गणितात हुशार."

जबाब लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर तोच विद्यार्थी विंचूरचा झाला, वडील कांद्याचे व्यापारी झाले आणि गणितात तो नापास झाला! मी टेबलावर हात आपटला. "मास्तर, काय चेष्टा लावलीय? तुमची जागा आता आत आहे. कोर्टात उभं राहाल, पेपरात नाव येईल. छत्तीस वर्षांची अब्रू एका सहीवर घालवणार?"

पाण्याचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला. "येऊ दे पेपरात. पण तो माझा विद्यार्थी आहे."

माझं डोकंच चालेना. हा माणूस लबाड म्हणावा, तर डोळ्यांत लबाडी नाही. खरा म्हणावा, तर एक वाक्य दुसऱ्याशी जुळत नाही. आणि पैशांतली दमडीही त्यांच्याकडे आलेली नाही. मग कुणाला वाचवतोय हा?

माझा जुना हवालदार म्हणाला, "साहेब, शाळेचं रजिस्टर तरी बघू." आम्ही शाळेत गेलो. कारकुनाने धूळ झटकून जाडजूड जनरल रजिस्टरं काढली. दुपार गेली. ते नाव कुठेच नव्हतं.

परत येऊन मी मास्तरांना तेवढंच सांगितलं. "या नावाचा मुलगा तुमच्या शाळेत कधी नव्हता."

"नीट पाहिलंत?"

"पान न् पान पाहिलं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता कबुली देणार. पाहतो तर मास्तर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हणजे मी विसरलो नव्हतो! साहेब, तो मला आठवतच नव्हता."

मग एकेक बाहेर आलं. वर्षभर त्यांना नावं आठवेनाशी झाली होती. एकदा घराची गल्लीही सापडली नव्हती. पत्नीला कळू दिलं नव्हतं. त्या भामट्याने पाया पडून "ओळखलंत ना, सर?" विचारलं तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या. नाही म्हणणार कसं? एकदा हो म्हटल्यावर मग गाव, वडील, गणित, सगळं रचत गेले. तुरुंगाची भीती त्यांना होती, पण त्याहून मोठी भीती घरात होती.

मी आवाज खाली आणला. "मास्तर, आता रचू नका. जे दिसलं तेवढंच सांगा."

आणि त्या माणसाने घडाघडा सांगितलं. खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. बोटांना शिक्क्याची जांभळी शाई. सरांशी अगदी शुद्ध बोलणारा, पण निघताना रिक्षावाल्याला अहिराणीत म्हणाला, "चाल भाऊ, माले घाई शे."

हवालदार ताडकन उठला. "साहेब, हा तर बाईच्या बँकेच्या पायरीवर बसून स्लिपा भरून देणारा! सटाण्याकडचा!"

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. रोज बँकेच्या पायरीवर शिक्का घेऊन बसणारा माणूस तिच्या लेखी बँकेतलाच. आम्ही मात्र खुर्चीवर बसणारेच मोजले. चौथ्या दिवशी तो सटाण्याला बहिणीच्या घरी सापडला. बरीच रक्कम हाती लागली, बाकीची गेली ती गेलीच. मास्तर साक्षीदार झाले.

पुढे बाईने रीतसर करंट खातं उघडलं. ओळख कुणाची? मास्तरांची! त्यासाठी ते पत्नीला घेऊन एसटीने दिंडोरीला गेले, शेड पाहिली, खोके हातात घेऊन पाहिले, मग सही केली. पत्नीला तोवर सगळं कळलं होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मला केव्हाचं माहीत होतं हो. हे सांगतील म्हणून वाट बघत होते."

खोटं बोलतो तो गुन्हेगार, हे मी नोकरीत घट्ट धरून बसलो होतो. माणूस लाजेपोटीही खोटं बोलतो आणि तेव्हा दरडावलं की आणखी खोटं बोलतो, हे मास्तरांनी शिकवलं. त्या दोन दिवसांच्या आरडाओरड्याची मला अजून शरम वाटते.

परवा कॉलेज रोडवर एक जण वाकून पाया पडला. "ओळखलंत ना, साहेब?"

"अरे, ओळखलं म्हणजे काय!" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "कोण हो?"

मी एखादं नाव ठोकून देणार होतो. मग मास्तर आठवले, आणि तिला खरं सांगून टाकलं, "नाही आठवत गं."