पासपोर्टांचं प्रस्थान

श्रीलंकेला सफारीला जायचं, असं मामंजींनी एका रविवारी नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं. त्याच्या आधीच्या वाक्यात ते इडली कुठे गेली म्हणून विचारत होते. इडली ताटातच होती, अगदी त्यांच्या नाकासमोर. त्यांना चटणी दिसत होती, ताटाची कड दिसत होती, इडली तेवढी दिसत नव्हती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्या नागपुरात हा शब्द आजीच्या पिढीबरोबर संपला. पण माझं सासर पडलं तंजावरकडच्या मराठी लोकांचं. कैक पिढ्या तमिळ मुलखात राहून या मंडळींनी जुने मराठी शब्द लोणच्यासारखे मुरवून ठेवले आहेत. मद्रासच्या नुंगंबाक्कममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये कोणी येत नाही, जात नाही. ‘येऊलालों’ आणि ‘जाऊलालों’ असतं. लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटायचं, सगळं घर मिळून कुणाला तरी झोपवतं आहे.

मामंजींच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग बिघडत चालला होता. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं, आणि आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. घड्याळाचे काटे गेले, चौकट राहिली. “ह्याचं तोंड गेलं, कान आहेत,” असं ते स्वतःच्या मुलाबद्दल म्हणाले, आणि वर म्हणाले की फारसं काही बिघडलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली, थोडा फरक पडला. मग डॉक्टरांनीच सांगितलं, काही बघायचं राहिलं असेल तर या वर्षी बघून घ्या.

राहिलं होतं ते एकच. मामंजींनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत जंगलखात्याच्या फायली पुढे सरकवण्यात काढली. हत्तींचे कळप, बिबट्यांच्या तक्रारी, रानडुकरांनी केलेलं नुकसान, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. प्रत्यक्ष जंगलात मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांना एकदा, पिंजऱ्याबाहेरचा, मोकळा बिबट्या बघायचा होता. बिबट्याला ते नेहमी तमिळमध्ये ‘सिरुत्तै’ म्हणत, आणि म्हणताना आवाज उगाचच खाली आणत.

श्रीलंका विमानानं जवळ. तिथे बिबटे भरपूर, असं टीव्हीवर पाहिलेलं. ठरलं.

ठरलं म्हणजे माझ्या नवऱ्यानं एक शीट उघडली. तो पेरुंगुडीला आयटी कंपनीत आहे आणि त्याला रंगीत रकाने असल्याशिवाय काही सुचत नाही. जंगलांना हिरवा, बघण्याच्या ठिकाणांना पिवळा, जेवणाला केशरी. मला त्यानं हिरव्या रकान्याची जबाबदारी दिली, कारण मी नागपूरची. मद्रासेत असा एक गोड समज आहे की नागपुरात दुधाच्या पिशव्या आणायला गेलं की कोपऱ्यावर वाघ बसलेला असतो. मी तो समज वर्षानुवर्षं मोडला नव्हता. माहेरची तेवढीच पत.

मग सासूबाई शीटमध्ये शिरल्या. त्यांना कॉम्प्युटर येत नाही, पण मुलाच्या खुर्चीमागे उभं राहता येतं. एवढं लंकेला जायचं आणि सीतेला ठेवलं ती जागा बघायची नाही, हे कसं चालेल? ती वाढली. तिच्या वाटेवरचा मारुती वाढला. समुद्राकाठचं शंकराचं देऊळ वाढलं. सिगिरियाचा तो प्रसिद्ध उंच खडक मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं पुसायला लावला. “देव नसलेला दगड कशास चढायचा?” आठवडाभरात पिवळा रकाना पानभर झाला आणि हिरव्यात एक ओळ उरली. मामंजी बाल्कनीत जाऊन बसले आणि कॉफी आत पाठवायला लागले, न पिता.

त्यात मी भर घातली. नवऱ्याशी गुपचूप बोलून मी बिबट्याच्या जंगलाऐवजी हत्तींचं जंगल सुचवलं. तिथल्या कोरड्या मोसमात तळ्याकाठी हत्ती गोळा होतात, सपाट माळ असतो. हत्ती कसा, मधोमध नाहीसा झाला तरी कडेनं बराच उरतो. हे मी मोठ्यानं बोलले नव्हते, पण मामंजींनी चाळीस वर्षं कचेरीत काढली होती. न लिहिलेलं त्यांना आधी वाचता येई.

“मज दिसेल एवढं मोठं जनावर शोधूलालीस काय?” त्यांनी विचारलं.

मला राग आला. खरं सांगायचं तर पकडली गेले म्हणून आला. मी म्हटलं, “मामंजी, बिबट्या झाडाच्या सावलीत बसतो, अंगावर ठिपके असतात, चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिसत नाही. तिथवर जाऊन हिरमोड झाला तर?”

“हिरमोड माझा होईल. तुज काय?”

मी सगळा पिवळा रकाना निम्मा केला, सीता ठेवली, बाकी देव आटोपते घेतले, आणि बिबट्याच्या जंगलात दोन दिवस टाकले. सासूबाई माझ्याशी दोन जेवणं बोलल्या नाहीत. तिसऱ्या जेवणाला स्वतःच विचारलं, सफारीची जीप किती वाजता निघते. कळलं, की सोमवारी पहाटे निघते आणि साडेसातला राहूकाळ लागतो. राहूकाळात दिसलेला बिबट्या लाभतो का, यावर घरात जी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नाच्या मुहूर्तावरही झाली नसेल. शेवटी असं ठरलं की आरंभ जीप सुटण्याचा धरायचा; बिबट्या मधल्या वेळात आला तर तो त्याचा प्रश्न.

निघायला आठवडा उरला असताना सासूबाईंनी पंचांग उघडलं आणि कपाळाला हात लावला. तिकिटं शनिवारची होती आणि शनिवारी अष्टमी. अष्टमीला इथे कोणी शहाणा माणूस प्रवासाला निघत नाही. नवऱ्यानं स्वस्त बघून तिकिटं काढली होती. स्वस्त का होती ते आता सासूबाईंना उमगलं.

यावर तोड आहे, आणि ती आमच्या नागपूरलाही होती. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आदल्या चांगल्या वेळी आपल्या सामानातली एक वस्तू हळद-सुपारीसह शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. मग आपण निघालो असं धरतात. दुसऱ्या दिवशी ती वस्तू उचलून परस्पर पुढे जायचं. ती परत घरात आणायची नाही आणि आपणही घरात फिरून यायचं नाही. अष्टमी हात चोळत बसते.

प्रश्न उरला, वस्तू कोणती. सासूबाई म्हणाल्या, पंचा ठेवू. मामंजी संतापले. “पंचा राहिला तर प्रवास अडतो काय? ज्याच्यावाचून प्रवास होत नाही तेच निघालं पाहिजे.” आणि त्यांनी पासपोर्टांची पिशवी पुढे केली. त्यांच्या दृष्टीनं कागद निघाला की माणूस निघालाच. नवऱ्याला हे तर्कशुद्ध वाटलं. त्यानं शीटमध्ये ‘प्रस्थान’ अशी ओळ घालून तिला रंग दिला. मीही होच म्हटलं. चार पासपोर्ट एका ठिकाणी तरी सापडतील, एवढाच माझा विचार.

शुक्रवारी सकाळी चारही पासपोर्ट हळदीचा दोरा बांधून समोरच्या दारी गेले. समोर एक तमिळ बाई एकट्या राहतात; इथल्या रिवाजानं त्या सगळ्यांच्या मामी. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि देवघरात ठेवली. असल्या कामात त्यांच्याइतकं भरवशाचं माणूस मिळणार नाही.

शनिवारी आम्ही बॅगा बाहेर काढल्या, कुलूप लावलं आणि समोरची बेल वाजवली. कोणी नाही. पुन्हा वाजवली. नवऱ्यानं दार ठोठावलं. खालून वॉचमन वर आला आणि म्हणाला, मामी मघाशीच टी. नगरला गेल्या.

आडी महिना चालू होता. या महिन्यात इथे शुभकार्यं नसतात, म्हणून साड्यांची दुकानं सवलती लावतात आणि अख्खं शहर टी. नगरला जमा होतं. अष्टमीला प्रवास वर्ज्य, पण सवलतीला कसलाच दोष नाही.

मी फोन लावला. मागे गलका, आणि त्यातून मामींचा प्रसन्न आवाज. “कवलैप्पडादे!” म्हणजे काळजी करू नकोस. “तुमची पिशवी माझ्याजवळच आहे. रिकाम्या घरात प्रस्थान एकटं कसं ठेवायचं? म्हणून बरोबर घेऊन आले. दहाला परत येते.”

दहाला आम्ही विमानतळावर पासपोर्ट दाखवत असायला हवं होतं.

“मी पंचा म्हणत होतें,” सासूबाई म्हणाल्या. नवरा फोनवर रस्त्यांचे रंग बघायला लागला. सगळे लाल होते. मी वॉचमनवर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. मामंजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. दुर्बीण गळ्यात. त्यांनी ती काढली आणि घडी नसलेल्या पट्ट्याची घडी घालत म्हणाले, “असूं दे. पुढल्या वर्षी जाऊं.”

पुढल्या वर्षीचं आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं, आणि त्यांना तर सगळ्यांत जास्त. मी नवऱ्याला म्हटलं, “तू यांना टॅक्सीत घाल आणि टी. नगरच्या पुलाखाली येऊन थांब,” आणि जिना उतरून धावले.

रिक्षावाल्याला मी काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. शेवटचा रस्ता मी पायीच गेले, माणसांना कोपर मारत. मामी तिसऱ्या मजल्यावर सुती साड्यांत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला. “बरं झालं आलीस. हिरवी की कुंकवाची?”

“हिरवी. मामी, पिशवी!”

पिशवी त्यांच्याजवळ नव्हतीच. मोठ्या दुकानात थैल्या खाली जमा करून टोकन घेतात. आमचे चारही पासपोर्ट तळमजल्यावरच्या फळीवर, भाजीच्या पिशव्या आणि छत्र्यांच्या मध्ये बसले होते. आम्ही खाली आलो. रांग होती. मी रांग मोडली. लोक बोलले, ते मी ऐकून घेतलं. माझी नागपुरी भाषा सुटायच्या आत पिशवी हातात पडायला हवी होती. ती मामींच्या हातात पडली, आणि त्या मला देईनात. प्रस्थान देताना घेणाऱ्याचं तोंड पूर्वेला हवं. त्यांनी टोकनवाल्याला विचारलं, पूर्व कुठे? तो म्हणाला, मिक्सर-ग्राइंडर पहिल्या मजल्यावर. मी तशीच एका दिशेला तोंड केलं आणि ठामपणे म्हटलं, हीच पूर्व. मामींनी पिशवी दिली आणि आशीर्वादही दिला. पुढे बराच काळ त्या सांगत, की मुलगी नागपूरची असली तरी दिशा तिला चांगल्या कळतात.

विमान मिळालं. शेवटून आम्हीच. सासूबाईंचं मत पडलं की टी. नगर हिंडून आलेलं प्रस्थान साध्या प्रस्थानापेक्षा बळकट असतं.

सोमवारी जंगलात बराच वेळ नुसती धूळ आणि मोर. मी मोरांना शिव्या देण्याच्या बेतात होते. तेवढ्यात जीप थांबली आणि ड्रायव्हरनं बोट दाखवलं. रस्त्यापासून थोड्या अंतरावर एका आडव्या फांदीवर बिबट्या पसरला होता, पाय खाली सोडून, शेपूट लोंबत. नवऱ्यानं तोंडावर हात धरला. सासूबाईंनी हात जोडले.

मी मामंजींकडे वळले. ते माझ्या समोरच्या बाकावर, आणि बिबट्या माझ्या पाठीमागे उजवीकडे. मामंजी बिबट्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, एकटक.

“मामंजी, तिकडे! इकडे काय बघताय, त्या फांदीवर!” मी दबक्या आवाजात ओरडले. ते हलेनात. एवढं करून इथवर यायचं आणि भलतीकडे बघायचं! मला राहवेना. मी त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा फांदीकडे फिरवला.

त्यांनी माझा हात झटकला. “घालवलीस,” ते म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे तोंड केलं. “तिकडे पाहिलं की सिरुत्तै जाते. तुझ्याकडे पाहूलालों म्हणून दिसूलालीय. हलूं नको.”

मी हलले नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसलं नाही, कारण हात मध्ये आला असता. मामंजी माझ्या नाकावर नजर रोखून हळूहळू सांगत राहिले. आता कान हलवला. आता जांभई दिली. पंजा चाटते आहे. उठली. माझी मान अवघडली, चेहऱ्यावर माशी बसली, आणि बाकी सगळे फांदीकडे बघत असताना मी एकटी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. इतके खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“गेली,” ते म्हणाले. मग मी मान वळवली.