टोपी काढल्यावर

मंडळी, दुपारी ग्रुपवर गोष्टीतल्या गायब करणाऱ्या टोपीवरून तुमचा वाद रंगला होता, तेव्हा मला माझ्या निमोणे गावातली लहानपणची मैत्रीण सुमन आठवली.

सत्तरच्या दशकात आम्हा दोघींत जादूच्या गोष्टींचं एकच पुस्तक होतं, तेही शेवटची पानं फाटलेलं. विहाराच्या पायरीवर बसून शेवट आम्हीच ठरवायचो. मी म्हणायचे, खरी जादू टोपी घालण्यात आहे. ती म्हणायची, "न्हाई गं. टोपी काढल्यावर कुणीतरी 'आलीस व्हय' म्हणाय पायजे, तवा जादू."

हे गेल्यापासून मी दौंडला एकटीच राहते. आज संध्याकाळी बाजारातून आले, कुलूप काढलं आणि सवयीनं म्हणाले, "आले बरं का."

पिशवी हातात धरून दारातच उभी राहिले.

टोपी काढल्यावर तुमच्या घरी कोण असतं?