पोटमाळ्याची शिडी

माझी भावजय सुजाता गेली त्याला महिना होऊन गेला, पण माझा राग काही उतरलेला नाही. माटुंग्याला ऑफिसात होते, तेव्हा भावाचा, प्रशांतचा फोन आला. "ताई, संपलं गं..." एवढंच बोलला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत बाई गेली. पण फोनमध्ये मागून आणखी एक आवाज येत होता. आमची मामी प्रशांतच्या मुलीला, तिसरीतल्या सानूला दटावत होती, "रडायचं नाय. शहाणी ना तू? आता तूच पप्पांना सांभाळायचं." आई जाऊन तासही झाला नव्हता!

सुजाताचं सासरी भांडण होतं ते नेमकं याच्याशी. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची एकच खोली, रुसायलासुद्धा कोपरा नाही. सानूने आदळआपट केली की पाठीत धपाटा, हा आमच्या घरचा उपाय. सुजाताने तो बंद पाडला. पोरीला पोटमाळ्यावर जाऊ द्यायची आणि स्वतः शिडीच्या मधल्या पायरीवर बसून राहायची. खाली कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्या आईची बडबड, "नुसती नाटकं! आम्ही नाय वाढवली पोरं?" सुजाता फक्त मध्येच एकदा म्हणायची, "मी इथंच आहे." बऱ्याच वेळाने वरून आवाज यायचा, "मम्मी, मला राग नव्हता आला. वाईट वाटलं होतं." मग दोघी खाली उतरायच्या.

याची सगळ्यांनी चेष्टा केली. आणि याच लोकांनी सानूचा मेंदू तल्लख व्हावा म्हणून बदाम आणले, लालबागमधल्या कुठल्याशा क्लासची जाहिरात आणून दिली. मी एकदा सुजाताला विचारलं, तर म्हणाली, "ताई, पोर भडकलेलं असलं ना, की त्याच्या डोक्यात काय पण शिरत नाय. आधी शांत तर होऊ दे. कोणीतरी बाजूला बसलंय, एवढं कळलं तरी पुरे. बदाम पण द्या, माझं काय म्हणणं नाय."

सुजाताच्या जलदान विधीच्या दिवशी, आलेल्या माणसांना बसायला जागा हवी म्हणून कोणीतरी शिडी काढून बाहेर पॅसेजमध्ये आडवी टाकली होती. तिच्यावर लोकांच्या पिशव्या. सानू भिंतीशी ताठ बसलेली, डोळे कोरडे, आणि जो तो कौतुक करत होता. "किती समजूतदार पोर! एक टिपूस नाय काढलं." माझं डोकंच फिरलं. भरल्या घरात ओरडले, "समजूतदार नाही ती, घाबरलीय! आई गेली तरी रडायची चोरी?"

"अगं, लोक काय म्हणतील?" मामी म्हणाली.

म्हणू देत. पिशव्या बाजूला फेकल्या, शिडी ओढत आत आणली आणि माळ्याला लावली. सानू शिडीकडे बघत राहिली, मग चढली. थोड्या वेळाने वरून असा हंबरडा आला की बाहेर पॅसेजपर्यंत ऐकू गेला. मामी उठायला लागली, तिला मी हाताला धरून खाली बसवलं. पायरीवर मी बसणार होते, पण प्रशांत आधी उठला. "पोरीला डोक्यावर बसवतेस" म्हणून बायकोला बोलणारा माझा भाऊ. मधल्या पायरीवर बसला आणि कसाबसा म्हणाला, "मी इथंच आहे..."

रडता रडता वरून सानू म्हणाली, "पप्पा, तिथं नाय. ती मम्मीची जागा आहे."

तो एक पायरी खाली सरकला. अजूनही तिथंच बसतो, आणि सानू मधली पायरी ओलांडून चढते. मामी येते तेव्हा म्हणते, शिडीची अडचण होते, बाहेर ठेवा. हात लावून बघावा तिने.