शाईकाकूचं नाक

शाईकाकूची आणि माझी ओळख रिंगांमुळे झाली. समारंभांचे फोटो काढायचा माझा धंदा. माझ्याकडच्या प्रत्येक लेन्सचं तोंड वेगळ्या मापाचं, आणि चांगला म्हणावा असा फिल्टर मात्र एकच. लहान तोंडाच्या लेन्सवर तो मोठा फिल्टर बसवायचा तर मध्ये ॲल्युमिनियमची एक रिंग लागते. तिचे एका बाजूचे आटे लेन्सला बसतात, दुसऱ्या बाजूचे फिल्टरला. दुकानात त्या परदेशी वाटेल अशा डबीत मिळायच्या. पण तयार व्हायच्या बाजारामागच्या गल्लीत, हे कळल्यावर मी थेट कारखान्यातच जायला लागलो. कारखाना कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत लेथ, मागच्या खोलीत टाक्या, आणि मध्ये छतापर्यंत न पोचलेली एक पत्र्याची भिंत. लेथवर काकूचा नवरा आणि आणखी दोघे, टाक्यांवर एकटी काकू.

लेथवरून उतरलेली रिंग नव्या भांड्यासारखी चमकते. तशीच वापरली तर उजेड तिच्यावर आपटून लेन्समध्ये शिरतो आणि फोटो धुरकट येतो. म्हणून ती काळी करावी लागते. आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवायची, मग तारेला टांगून ॲसिडच्या टाकीत सोडायची आणि वीज चालू करायची, मग काळ्या रंगात बुडवायची आणि शेवटी उकळत्या पाण्यातून काढायची. काकूला रबरी मोजे दिले होते, पण मोज्यांनी आटे चाचपता येत नाहीत. रंगाच्या टाकीपाशी आली की ती मोजे काढून ठेवायची. त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायमची काळी. "काकू, रोज कुठल्या कागदावर अंगठे उठवून येता?" असं लेथवरच्या एकाने विचारलं आणि तेव्हापासून नाव पडलं शाईकाकू. ती स्वतःसुद्धा फोनवर, "शाईकाकू बोलतेय," असंच म्हणायची.

वीज चालू झाली की ॲसिडला बारीक बुडबुडे येतात आणि त्यांचा न दिसणारा फवारा हवेत राहतो. मी तिथे दारातूनच बोलायचो, तरी घसा धरायचा. काकू दिवसभर आत. "सुरुवातीला डोळ्यांना धारा लागायच्या," ती सांगायची, "मग सवय झाली." ती सवय नव्हती. तिचं नाक हळूहळू मरत होतं. दूध करपून भांडं काळं झालं तरी ती शेजारीच भाजी चिरत बसलेली असायची. एकदा तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला वास येत नाही हो कशाचाच."

"बरंच आहे की," नवरा म्हणाला. "गटारावरून आम्ही नाक दाबून जातो, तू राणीसारखी चाल."

कारखान्याच्या मालकाला सांगितलं तर तो हसला. "टाकीवर असंच माणूस पाहिजे, काकू. नाकवाल्या बायका आठवडाभर टिकत नाहीत."

काकूही हसली. नाक म्हणजे काही हात नव्हे, पाय नव्हे; त्याच्यावाचून काय अडतंय, असं तिला वाटलं.

घरी सासू होती. दोघींचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. सासूची जीभ तिखट आणि काकूही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. एकमेकींशी बोलायचं असलं तर दोघी भिंतीकडे बघून बोलायच्या. सासूला साखरेचा आजार होता. एका हिवाळ्यात चपलेचा पट्टा घासून तिच्या पायाच्या बोटाला जखम झाली. काकूने मलम आणलं, तर म्हातारीने हात झटकला. "लागलंय मला, तुला कशाला काळजी? जखम भरली कधीच." आणि पायात जाड मोजा चढवला. थंडी वाजते म्हणाली. साखरेने तिच्या पायातली जाणीवच गेली होती, त्यामुळे दुखत तर काहीच नव्हतं.

पुढच्या काही आठवड्यांत म्हातारी बदलली. काकू जेवणाचं ताट घेऊन गेली की ती म्हणायची, "बस गं जरा." काकू बसायची. म्हातारी माहेरच्या गोष्टी सांगायची, मध्येच थांबून तिच्याकडे एकटक बघायची. एकदा तर तिने काकूचा काळा अंगठा हातात घेऊन स्वतःच्या पदराने पुसून बघितला. "निघत नाही गं हे," म्हणाली. काकूला वाटलं, उशिरा का होईना, देवाने हिला सुबुद्धी दिली. शेजारची बाई रोज गप्पा मारायला यायची ती अलीकडे दारातूनच परत फिरत होती. काकू म्हणाली, कामात असेल.

मग एका रविवारी दुपारी नणंद आली. दारातून एक पाऊल आत टाकलं आणि तिने तळहाताने नाक-तोंड दाबून धरलं.

"वहिनी, घरात काय कुजलंय?"

"काही नाही. का?"

"काही नाही काय! उंदीर मेलाय का कुठे?" नणंद बोलत बोलत खोल्या बघायला लागली. स्वयंपाकघर, मोरी, कपाटामागे. शेवटी आईच्या खाटेपाशी येऊन थांबली. म्हातारीने पाय आखडून पांघरुणाखाली घेतला. नणंदेने पांघरूण ओढलं, मोजा ओढला, तर तो निघेना. निघाला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय निघालं ते काकूने मला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्या रिंगांइतका काळा होता हो पाय. घोट्यापर्यंत."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय काढला. तोवर विष अंगात भिनलं होतं. काकू खाटेजवळ बसून असायची. शुद्धीवर असताना एकदा म्हातारीने तिला खुणेने जवळ बोलावलं.

"मला येत होता वास," ती म्हणाली. "माझा मलाच. शेजारीण यायची बंद झाली तेव्हाच समजलं. पण तू रोज बसलीस. एकदासुद्धा नाक मुरडलं नाहीस. मी जन्मभर तुला घालूनपाडून बोलले आणि तू..."

काकूच्या ओठांवर आलं होतं, आई, मला येतच नव्हता हो. येत असता तर पहिल्याच दिवशी तुम्हाला उचलून आणलं असतं. पण म्हातारी तिच्याकडे अशी बघत होती, की तिने शब्द गिळला. "पाणी देऊ का?" एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली.

सगळं आटोपल्यावर नणंद बोलली. घरात माणसं बसलेली होती, त्यांच्यादेखत बोलली.

"एका घरात राहून तुला कळलं नाही? गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असेल! का कळूनच घ्यायचं नव्हतं?"

"ताई, मला वास येत नाही. टाकीवर काम करून नाक मेलं माझं."

"आज आठवलं का हे?" नणंद भावाकडे वळली. "दादा, तू सांग. खरं बोलतेय का ही?"

काकूने नवऱ्याकडे बघितलं. तिने त्याला सांगितलं होतं, तो हसला होता, आता तो हो म्हणेल. नवरा जमिनीकडे बघत राहिला. मग उठून बाहेर गेला. बसलेल्या माणसांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

तो बोलला तो पुढे बऱ्याच दिवसांनी, स्वयंपाकघरात. काकू तांदूळ निवडत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "मलाही येत नाही."

"काय?"

"वास. मलाही येत नाही. त्या पत्र्यावरून येतंच ना सगळं आमच्याकडे. तुझ्या आधीपासून नसेल येत."

काकू सांगते, तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मग त्या दिवशी तोंड का शिवून घेतलं होतंत?"

"माझी आई होती ती," तो म्हणाला. "मीही रोज तिच्या खाटेशी जात होतो. मला नाही झालं सहन."

"आणि मला झालं?"

काकूने नणंदेला फोन करून हे सांगितलं. नणंद म्हणाली, "आता माझ्या भावावर ढकलून मोकळी हो," आणि फोन ठेवला. ती परत त्या घरी आलेली नाही. नवरा-बायको एकाच छपराखाली राहतात, एकाच वाटेने कामाला येतात, तो पुढे आणि ही मागे. बोलणं गरजेपुरतं.

काकूने टाकी सोडली. मालकाने तिला पॅकिंगला बसवलं. एक जुनी लेन्स घेऊन प्रत्येक रिंग तिच्यावर फिरवून बघायची, आटे अडले तर बाजूला काढायची, बाकीच्या डबीत भरायच्या. हे सगळं तिने मला त्या पॅकिंगच्या टेबलाशीच सांगितलं. टाकीवर मालकाने दुसरी बाई आणली, तिशीतली, दोन मुलांची आई. काकूने तिला पहिल्याच दिवशी दरडावलं, "तोंडाला फडकं बांध आणि रोज सकाळी आधी माझ्याकडे ये." ती आली की डोळे मिटायला लावायची आणि नाकाशी काहीतरी धरायची. कधी साबणाची वडी, कधी रॉकेलचा बोळा, कधी चिरलेला कांदा. "सांग, काय आहे?" ती बाई ओळखायची आणि हसत कामाला जायची. लेथवाले चेष्टा करायचे, "काकूंनी शाळा काढली!"

एकदा मी समोर असताना काकूने बोटभर कापूस तिच्या नाकाशी धरला. रॉकेल होतं, मला टेबलाच्या या बाजूला वास येत होता. बाई डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ.

"साबण?" ती म्हणाली.

काकूने कापूस खाली ठेवला. "घरी जा. उद्यापासून टाकीवर येऊ नकोस."

"मग खाऊ काय, काकू?" बाईने डोळे उघडून विचारलं. "सर्दी झालीय, दुसरं काही नाही."

काकू उठली आणि मालकाकडे गेली. मला तिचं बोलणं ऐकू आलं. "हिला पॅकिंगला घ्या. मी जाते टाकीवर. माझं जायचं ते गेलेलंच आहे."

मालकाने हिशेबातून मान वर केली आणि लगेच हो म्हणाला. त्याला काय, दोन्हीकडे माणसं मिळाली. पलीकडे नवऱ्याचा लेथ चालू होता, तो काही थांबला नाही. काकूने खुर्चीवरचा आपला डबा उचलला, त्या बाईला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, हातात लेन्स दिली आणि आटे कसे फिरवून बघायचे ते दाखवायला लागली.