अव्वाचं नाक

लातूर जिल्हा झाला तेव्हा अप्पांना मुखेडात चैन पडेना. आमचं कापडाचं लहानसं दुकान होतं. लागोपाठ पाऊस हुकला आणि गिऱ्हाईक थांबलं. "तिकडं हापिसं येऊन राहिली, नवी माणसं येतील," असं अप्पा रोज म्हणायचे. एका सकाळी एसटीच्या टपावर आमचा संसार चढला. अव्वा, म्हणजे माझी आई, वाटभर मागं मुखेडाकडंच बघत राहिली.

लातुरात अप्पांनी उदबत्तीचा धंदा धरला. तयार काळ्या काड्या आणायच्या, वासाच्या तेलात बुडवायच्या आणि पत्र्यावर वाळवायच्या. उन्हात त्या बघता बघता वाळत. आभाळात ढग दिसला की अप्पांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पाण्याच्या रांगेतून घागर घेऊन आलेली अव्वा म्हणायची, "अख्ख्या जिल्ह्यात पाऊस नको म्हणणारे तुम्ही एकलेच."

मग मुंबईच्या दलालाकडून अप्पांनी एक नवा अर्क आणला. अॅल्युमिनियमच्या कॅनवर 'आयोनोन' लिहिलेलं होतं. दलाल म्हणाला होता, विलायतेत आयरिस नावाचं जांभळं फूल असतं, त्याच्या वाळलेल्या मुळाला असाच वास येतो. आमच्यापैकी कुणी ते फूल पाहिलं नव्हतं. अप्पांनी झाकण काढलं आणि मला कुणीतरी पावडर लावून जवळून गेल्यासारखं वाटलं. गोड, गार, थोडा धुळकट वास. दोनचारदा हुंगला आणि नाहीसाच झाला. मी कॅनवर वाकून राहिले, काही नाही. अंगणात जाऊन आले तर पुन्हा होता.

"कसा हाय?" अप्पांनी अव्वाला विचारलं.

अव्वानं तोंड फिरवलं. "आंबलाय. शिरका दिला तुम्हाला."

"फुलाचा वास हाय गं!"

"मला न्हाई येत फुलाचा."

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मुखेड सोडल्याचा राग ती असा काढते आहे. त्यांनी शेजारणीला बोलावलं, घरमालकाला बोलावलं. सगळे म्हणाले, लई भारी वास. अव्वा दाराशी उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती.

त्या दिवसापासून घरात कुणाचं कशात मन लागेना. अव्वा पिठाचा डबा हुंगायची, दूध हुंगायची, धुतलेली लुगडी हुंगायची. "हे खराब झालंय का गं?" असं मला विचारायची. एकदा वरण नासलं समजून तिनं ओतून दिलं. ते चांगलं होतं. पूजेला अप्पा नवी उदबत्ती लावत, आणि अव्वा लिंगपूजा अर्धी टाकून अंगणात जायची. अप्पा आतून ओरडायचे, "देवासमोर तरी हट्ट सोड!" मी आतबाहेर करत राहायचे. तो वास तर माझ्याही नाकात यायचा आणि जायचा, म्हणून अव्वा खोटी आहे असं मला ठामपणे म्हणता येईना.

उन्हाळ्यात अव्वाची धाकटी बहीण मुखेडहून आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं पदर नाकाला लावला.

"आक्का, शिरका सांडला का काय घरात?"

अव्वा चुलीपाशी होती. ती तशीच उठली, मावशीचा दंड धरून तिला पत्र्यापाशी घेऊन गेली. "हे हुंग. नीट हुंग. काय येतंय?"

"आंबूस येतंय. का गं?"

अव्वा मटकन खाली बसली. हसायला लागली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. अप्पा दारात उभे होते. त्यांनी एक काडी उचलून हुंगली, मावशीकडे पाहिलं, पुन्हा हुंगली.

"खरंच फुलाचा न्हाई येत तुम्हा दोघींना?"

"दाजी, मी कशाला खोटं बोलू?"

अप्पांनी हातातली काडी पत्र्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी उगंच बोललो हिला." हे ते मावशीला म्हणाले, पण ऐकायचं अव्वानंच होतं.

कॉलेजात रसायनशास्त्र घेतल्यावर मला कळलं, की हा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही. त्यांना आंबट काहीतरी जाणवतं. असं नाक रक्तातून येतं, एकाच घरातल्या भावंडांत सापडतं. पण तोवर आमच्याकडं ते मिटलं होतं. काड्या वाळवायचं काम अप्पांनी मागच्या गल्लीत हलवलं. राळ आणि ऊद घालून अव्वानं स्वतःचा धूप करायला घेतला. आमच्या लहानशा दुकानातून नवे साहेबलोक नव्या उदबत्तीच्या जांभळ्या पुड्या नेत. बाजारच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बाया धूप मागत. अप्पांना पुढच्याच वर्षी उदगीरला जाऊन साबण करायचं सुचलं. अव्वा म्हणाली, "तुम्ही जा. मी दुकान बघते." आणि ती खरंच गेली नाही. अप्पा गेले, चार महिन्यांत परतले आणि मुकाट्यानं तिच्यासाठी राळ कुटायला बसले.