बैलाचं शेवटचं वाक्य

"झालं," एवढंच हे फोनवर म्हणाले. मी लोणावळ्याजवळ औंढ्याच्या घरी ओट्यापाशी उभी राहून दवाखान्यात न्यायच्या डब्यात पोळ्या भरत होते. आदल्या दिवशी डॉक्टर जरा बऱ्या आवाजात बोलले होते, कदाचित घरी सोडू असंही काहीतरी म्हणाले होते, म्हणून मी वेड्यासारखं विचारलं, "झालं? म्हणजे सोडतायत?" पलीकडे ह्यांना हुंदका फुटला, आणि मग समजलं. तव्यावरची पोळी करपून धूर झाला तरी माझा हात गॅसच्या बटणापर्यंत जाईना. बाहेर पडवीत आबा, म्हणजे माझे सासरे, विळ्याला धार लावत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय म्हंतोय दत्ता? कवा आणतोय त्याला?" मी शाळेत शिकवते. साठ मुलांच्या गोंगाटावर माझा आवाज चढतो. त्या दिवशी तो घशातून बाहेर आलाच नाही. मी नुसती दारात जाऊन उभी राहिले आणि आबांनी विळा खाली ठेवला.

संतोष माझा धाकटा दीर. चाळिशीही गाठली नाही त्याने. रिवाजाप्रमाणे मी त्याला भावजी म्हणायला हवं होतं, पण मी तळेगावहून लग्न होऊन आले तेव्हा हा नववीत होता आणि वरातीपुढे नाचून त्याची पँट गुडघ्यावर फाटली होती. अशा माणसाला भावजी म्हणताना हसू फुटायचं. मग संतोषच राहिला. पहिल्याच आठवड्यात त्याने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने माझं चित्र काढलं. डोक्यावर पदर, हातात छडी, आणि समोर अंगठे धरून उभे असलेले सगळे सासरचे, त्यात आबासुद्धा! मला इतकं हसायला आलं की हातातली बादली सांडली. आबांनी मात्र चित्र पाहिलं, संतोषला पाहिलं, आणि म्हणाले, "सरळ काय सुचायचंच न्हाई का रं तुला?" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं. दहावीला गणितात राहिला तेव्हा, पुन्हा राहिला तेव्हा, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात नोकरीला लागला आणि माल बांधायचा सोडून खोक्यांवर हसरे शेंगदाणे रंगवत बसला तेव्हा.

पुढे तो पुण्याला जाऊन कार्टून काढायचं शिकला आणि तिथल्याच एका कंपनीत लागला. घरी केवढा आनंद! एका रविवारी त्याने आम्हा सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं. परदेशातली कसलीशी मालिका होती, त्यात एक गाढव गाडी ओढत होतं. संतोष उठून टीव्हीपाशी गेला आणि बोट लावून म्हणाला, "ही शेपटी माझी." आबांनी बराच वेळ शेपटी न्याहाळली. "आन् बाकीचं गाढव?" "ते दुसऱ्याचं." "मंग शेपटीपुरताच पगार देत आसतील तुला," असं म्हणून आबा बैलांना पाणी पाजायला निघून गेले. संतोष आमच्याबरोबर पोट धरून हसला. पण हात धुताना मला हळूच म्हणाला, "वहिनी, एक दिवस अख्खं जनावर माझं असणार."

कंपनीचा गाशा गुंडाळला गेला तेव्हा तो घरी परत आला. शनिवारी-रविवारी लोणावळ्याला पॉइंटवर जाऊन पर्यटकांचे गमतीदार चेहरे काढून द्यायचा आणि बाकीचे दिवस माळ्यावर, पत्र्याखाली, कॉम्प्युटरसमोर. गावात कुणी विचारलं, धाकटा काय करतो, तर आबा म्हणायचे, "वर आसतो." जणू देवाघरी असल्यासारखं! तेव्हा आम्ही त्यावरही हसायचो.

वर तो एक चित्रपट करत होता. मोठा नव्हे, चहा पिऊन होईतो संपेल एवढाच, पण अख्खा त्याचा. नायक होता आमच्या भातखाचरातला खेकडा, नाव तिरक्या. गावातली सगळी जनावरं शर्यत लावतात, आणि तिरक्या दर वेळी हरतो, कारण शिट्टी वाजली की तो जिवाच्या आकांताने पळत सुटतो ते थेट आडवा, प्रेक्षकांत. पुण्यातल्या कुणा जाणत्याने संतोषला ऐकवलं म्हणे, मराठी माणसाने खेकड्याला हिरो करणं जरा अतिच होतंय, टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात हे माहीत नाही का? संतोष म्हणाला, "टोपलीतलं मला माहीत नाही. आमच्या खाचरातले आपापल्या कामात असतात." शेवटच्या शर्यतीत पाऊस बांध खाऊन टाकतो, वीतभर रुंदीची कड तेवढी उरते. छाती काढून सरळ जाणारे सगळे घसरून चिखलात पडतात, आणि तिरक्या पाठ भिंतीला लावल्यासारखा आडवा-आडवा चालत पलीकडे पोचतो. वर्षानुवर्षं त्याला हिणवणारा सरदार नावाचा बैल तेव्हा गळ्यापर्यंत चिखलात रुतलेला असतो. तो मान वर करतो आणि म्हणतो, "जमलं रं तुला." संपला चित्रपट.

आवाज सगळे घरचेच. तिरक्याचा त्याचा स्वतःचा, तिरक्याच्या आईचा माझा, कोंबड्याचा ह्यांचा. माळ्यावर एका कोपऱ्यात दोरीवर गेलेल्या सासूबाईंच्या हातच्या गोधड्या टांगून त्याने आवाज भरायची खोली केली होती. खोली कसली, माणूस मांडी घालून बसला की संपली! आत शिरलं की सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचा वास यायचा. पाऊस आला की पत्रा वाजतो म्हणून काम बंद. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या भाड्याच्या बंगल्यांतून स्पीकर सुरू झाले की काम बंद. सगळं शांत झालं की घाटात गाडी शिट्टी मारणार. आणि बैलाच्या आवाजासाठी त्याला आबाच हवे होते. आबा भडकले. "म्या काय बैल हाय व्हय?" संतोष म्हणाला, "आबा, जन्मभर बैलांशी बोललाय तुम्ही. बैल कसा बोलंल ते दुसऱ्या कुणाला ठावं?" हे आबांना पटलं असावं, कारण ते उठून शिडी चढले.

आत शिरल्यावर संतोषने त्यांना नियम समजावून दिला. वाक्य म्हटलं की हलायचं नाही, खोकायचं नाही, तो 'झालं' म्हणेपर्यंत तसंच बसायचं. नंतरची शांतताही लागते म्हणे. "गप बसायचंबी काम हाय व्हय?" आबा म्हणाले, पण मग इतके इमानाने गप्प बसायचे की डोळेही मिटून घ्यायचे. आणि बोलले काय बोलले! "सरळ चालता येत न्हाई, आन् शर्यतीला आलाय!" एका दमात, एकदाच. मी गोधडीबाहेर तोंडात पदर कोंबून बसले होते. संतोषने ते वाक्य आबांचंच ऐकून लिहिलं होतं, हे आबांना कळलं की नाही कोण जाणे... बाकीची सगळी वाक्यं एका दुपारात उरकली. अडलं ते शेवटच्या वाक्याशी. आबांच्या तोंडून ते यायचं, "जमलं व्हय रं तुला?" संतोष म्हणायचा, "आबा, प्रश्न न्हाई. सांगायचंय त्याला." आबा पुन्हा म्हणायचे, आणि पुन्हा शेवटी स्वर वर जायचा, टोमणाच वाटायचा. अखेर वैतागून म्हणाले, "आरं पर हरलेला बैल आसं कसं म्हनंल? मला न्हाई येत." संतोष हसून म्हणाला, "राहू दे. भात लावून झाल्यावर करू." बैलाचा जबडा त्याने अंदाजाने हलवून ठेवला, आवाज मागून भरण्यासाठी.

भात लावून झाला आणि त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. आम्ही काविळीची औषधं केली. पण मूळ दुखणं यकृताचं निघालं, आणि ते फार जुनं आहे असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारे हळूच विचारायचे, "पीत होता का हो?" नव्हता पीत! अजूनही विचारतात आणि अजूनही माझं डोकं तापतं. माणूस मेल्यावरही त्याला सरळ चालीचा दाखला द्यावा लागतो? दवाखान्यात आपण काहीच करत नसतो. गोळ्या आणायच्या, सह्या करायच्या, उशी सरळ करायची, आणि ती पुन्हा वाकडी झाली की पुन्हा सरळ करायची. आबा दिवसभर त्याच्या पायथ्याशी बसून पाय चेपत राहायचे. सूज इतकी होती की बोटांचे ठसे तसेच उमटून राहायचे, ते बघून चटकन हात काढून घ्यायचे आणि पुन्हा ठेवायचे. एका दुपारी संतोषला जरा हुशारी वाटली. म्हणाला, "आबा, तेवढं एक राहिलंय बघा. इथंच म्हणा, मोबाइलवर घेतो." आबांनी मान हलवली. "हितं न्हाई. घरला चल. मंग म्हंतो." "आत्ता म्हणा की." "घरला चल म्हनलं ना!" आबांना काय वाटत होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. वाक्य हातात राखून ठेवलं, तर ते घ्यायला तरी पोरगं घरी येईल. दुसरं काय होतं त्यांच्या हातात?

तो घरी आला नाही.

तेराव्यानंतर मी शाळेत रुजू झाले. मुलांना कुठूनसं कळलं होतं की बाईंच्या घरी खेकड्याचं कार्टून आहे. शेवटी एका शनिवारी पडद्यावर लावलं. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. सरदार बैलाच्या प्रत्येक वाक्याला हशा. तिरक्याच्या तोंडून संतोषचा आवाज यायला लागला तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, पण ऐकू तर येतच होता. बांध ओलांडला, टाळ्या पडल्या. मग बैलाने मान वर केली, त्याचा जबडा हलला आणि मिटला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, आवाज गेला!" मी म्हटलं, "हो."

संध्याकाळी आबांनी विचारलं, "पोरं हसली का?" मी म्हटलं, "लय हसली, आबा. बैलाला तर फारच." "आन् शेवटाला?" मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. जरा वेळाने शिडी वाजली. गुडघे धरलेत त्यांचे, एकेका पायरीवर दम घेत होते. मी मागोमाग चहा घेऊन गेले आणि वरच्या पायरीपाशीच थांबले. गोधड्यांच्या आतून आवाज आला, "जमलं रं तुला." प्रश्न नव्हता. टोमणा नव्हता. जसं संतोषला हवं होतं अगदी तसं...

आता रोज जातात. हे म्हणाले, गुपचूप मोबाइल ठेवून भरून घेऊ या का, सिनेमा तरी पुरा होईल. खरं आहे, होईल. पण मीच नको म्हटलं. वाक्य एकदा भरून झालं की आबांना वर जायला कारण काय राहील? गोधड्या धुवायला काढायच्या झाल्यात, तेही मी आज-उद्या करत लांबवते आहे.

रोज संध्याकाळी मी चहा घेऊन शिडीवर उभी असते. वरून वाक्य ऐकू येतं आणि मग शांतता. गोधडीच्या फटीतून दिसतं, आबा मांडी घालून, डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले असतात. हलत नाहीत, खोकत नाहीत. कुणीतरी 'झालं' म्हणण्याची वाट बघत असतात. शब्द माझ्या अगदी ओठांवर येतो. कितीदा ठरवलं, आज म्हणायचंच... पण तो निघत नाही. हातातला चहा निवून जातो, मग आबाच डोळे उघडतात.