पलूसच्या राहीबाई गॅमा कॅमेऱ्याखाली

माणसानं किती भांडावं याला काही मर्यादा असते, पण ती पलूसच्या राहीबाईंना कुणी सांगितलेली नव्हती. नव्याण्णव साली सांगलीच्या एका दवाखान्यात मी गॅमा कॅमेरा चालवायची. तिथं बाई आल्या त्याच मुळी भांडत. छातीत उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ निघाली होती, कर्करोगाची, पण अगदी सुरुवातीची. गाठीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "गाठ हाय तर काढा. पर माज्या हाताला काय झालं तर बगा," असं त्यांनी दारातच बजावलं.

हाताचं प्रकरण असं होतं. ज्वारी हुरड्यात आली की राहीबाई शेतातल्या माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवायच्या, आणि मग त्यांच्या शिवारात उतरायला पाखरू धजत नसे. त्यांच्या जावेचं, धोंडुबाईचं, हेच ऑपरेशन झालं होतं. तेव्हा काखेतल्या झाडून सगळ्या ग्रंथी काढल्या. पुढं तिचा हात उशीएवढा सुजला आणि बांगड्या कापून काढाव्या लागल्या. राहीबाईंना मरणाचं एवढं भय नव्हतं. उजवा हात जाईल, याचं मात्र होतं.

आमचे डॉक्टर सुमंत नवी पद्धत शिकून आले होते. रोग पसरायला लागला तर काखेतल्या ज्या ग्रंथीत तो सगळ्यात आधी पोचेल, ती हुडकायची. त्यासाठी गाठीजवळ जरासं किरणोत्सारी औषध टोचायचं. ते वाहत जाऊन जिथं थांबेल, तिथं कॅमेऱ्यात ठिपका दिसतो. तेवढीच ग्रंथी काढून तपासायची, आणि ती साफ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

"म्हंजी गेटवरचा संत्री," लालासाहेब म्हणाले. हे राहीबाईंचे यजमान, फौजेतले निवृत्त हवालदार. मिश्या अशा, की एसटीत त्यांना वेगळं तिकीट काढावं. "संत्री शाबूत तर छावनी शाबूत! व्हय का न्हाई डाक्तर?"

"आवं, तुमी गप ऱ्हावा. तुमाला टोचनार न्हाईत ते."

टोचून झालं. मी कापूस दिला, टोचलेली जागा चोळत बसा म्हटलं, आणि दोघांना बाहेरच्या बाकावर पाठवलं. थोड्या वेळानं बाईंना आत घेतलं. दवाखान्याचा गाऊन दाखवला तर त्या माझ्यावरच कडाडल्या. शेवटी चोळी काढली, पण पदर काही सोडला नाही.

पडद्यावर टोचलेली जागा दिसली, काखेतला ठिपकाही दिसला. मी स्वतःची पाठ थोपटणार, एवढ्यात गळ्याच्या हाडाजवळ तिसरा ठिपका उगवला. डॉक्टरांचं तोंड उतरलं. "औषधाची वाट गळ्याकडंही गेली असेल तर एका ग्रंथीवर विसंबता येणार नाही. सगळी काख साफ करावी लागेल," ते हळूच मला म्हणाले.

राहीबाईंनी ते ऐकलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या भांडल्या नाहीत. डाव्या हातानं उजवं मनगट धरून नुसत्या पडून राहिल्या.

पण तो ठिपका मला फारच ठसठशीत वाटत होता. मी बाईंना न विचारता खांद्यावरचा पदर ओढून कमरेशी ठेवला आणि पुन्हा चित्र घेतलं. ठिपका कमरेला! रोगाला एवढी घाई नसते. डॉक्टरांनी ऑपरेशनात वापरायचं, औषध असेल तिथं ओरडणारं हातातलं यंत्र आणून पदराला लावलं, तसं ते कोकलायला लागलं.

"मी कापूस दिला होता ना?"

"तुमचा कापूस आंगाला चिकटतोय. थेंब आला, पदरानं पुसला."

मग औषध आणखी कुठं सांडलंय हे बघत डॉक्टर निघाले. बाक गप्प. दाराची कडी गप्प. दाराशी लालासाहेब सावधानमध्ये उभे होते. बूट गप्प, पट्टा गप्प, आणि मिशीपाशी यंत्रानं जो ठणाणा केला, त्यानं वॉर्डबॉयसुद्धा धावत आला.

"धूळ गेली आसंल," लालासाहेब म्हणाले.

"कसली धूळ? बाकावर ल्हान पोरागत रडत हुतं! म्याच पुसलं पदरानं, डोळं, नाक, मिशी, समदं."

लालासाहेबांनी साबण लावलावून मिशी धुतली, तरी यंत्र ओरडायचं थांबेना. "उद्यापर्यंत आपोआप जाईल, नाहीतर कापा," डॉक्टर म्हणाले. लालासाहेबांनी हुकुमाची वाट न बघता पीछे मूड केलं आणि थेट अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले.

दुपारी ऑपरेशन झालं. काखेतल्या ठिपक्यावर यंत्र बरोबर बोललं आणि तेवढी ग्रंथी निघाली. बाई टेबलावर असतानाच तपासणीचा निरोप आला, साफ आहे म्हणून. डॉक्टरांनी बाकीची काख तशीच ठेवून टाके घातले.

शुद्धीवर आल्यावर मीच त्यांना ते सांगितलं. त्यांनी आधी बोटं हलवून बघितली, मग मूठ वळली. आणि मग एवढ्या मोठ्यानं रडल्या की पलीकडच्या वॉर्डातले पेशंट उठून बसले. लालासाहेब खाटेशी बसले होते. "रड, राही, रड," एवढंच ते म्हणत होते, आणि बाईंचा तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.